उसन्या छत्राखालचा युरोप

जर्मनीतील मोटारउद्योगावर २०२५च्या ऑक्टोबर महिन्यात एकाएकी चिंतेचे सावट पसरले. कोठे संप नव्हता, टाळेबंदी नव्हती, गिऱ्हाईकही रातोरात आटले नव्हते. तुटवडा होता तो काही सेंटांना मिळणाऱ्या चिपचा. खिडकीची काच खालीवर करणे, दिवा लावणे, अशी साधीसुधी कामे या चिप करतात. परंतु त्या नसतील तर लाखो रुपयांची मोटार कारखान्याच्या दारातून बाहेर पडू शकत नाही. या चिप बनवणाऱ्या नेक्स्पेरिया कंपनीचे मुख्यालय नेदरलँडमधील नायमेखन येथे आहे. एके काळी ती फिलिप्स या विख्यात डच उद्योगाचाच भाग होती. फिलिप्सचे दिवे आणि रेडिओ भारतातील कित्येक घरांनी पाहिले आहेत. पुढे फिलिप्सने तो विभाग वेगळा काढला, त्याचे पुन्हा तुकडे झाले आणि हा तुकडा हस्ते-परहस्ते चीनच्या विंगटेक कंपनीच्या मालकीचा झाला. विक्री कायदेशीर होती, भाव बरा मिळाला होता. तेव्हा त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही.

ते दिसले २०२५मध्ये. कंपनीचे तंत्रज्ञान आणि उत्पादन युरोपाबाहेर नेले जाईल या भयाने ३० सप्टेंबरला डच सरकारने १९५२ सालचा, म्हणजे शीतयुद्धाच्या ऐन भरातला, एक कायदा धुंडाळून काढला आणि कंपनीच्या कारभारावर अंकुश बसवला. चारच दिवसांत चीनने नेक्स्पेरियाच्या चीनमधील कारखान्यातून होणारी निर्यात रोखली. तेव्हा कुठे सर्वांच्या ध्यानात आले की, चिपच्या मूळ चकत्या हॅम्बुर्गमध्ये घडत असल्या तरी त्यांची कापणी आणि बांधणी मुख्यत्वे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील डोंगगुआन येथे होते. युरोपात जन्मलेली वस्तू युरोपातच विकायची, परंतु मधल्या मध्ये चीनची वारी केल्याशिवाय तिला पूर्णत्व नाही! होंडासारख्या कंपनीला मेक्सिकोतील कारखाना थांबवावा लागला. अखेर १९ नोव्हेंबरला डच सरकारने आपला आदेश स्थगित केला. स्वतःच्या भूमीवरील कंपनीबाबत घेतलेला निर्णय दोन महिनेही टिकवता आला नाही, ही गोष्ट युरोपच्या आजच्या अवस्थेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

गेल्या तीन-चार दशकांतील युरोपच्या सुबत्तेचे मोठे कौतुक झाले. आखीव शहरे, आठवड्याला मोजके कामाचे तास, उदार निवृत्तिवेतन, स्वच्छ नद्या. भारतातील बुद्धिवंतांचा एक वर्ग तर उठताबसता युरोपचा दाखला देत असे. हे वैभव खोटे नव्हते. ते कष्टाने आणि कल्पकतेने मिळवलेले होते. परंतु त्याचे खांब कोणाच्या अंगणात रोवले आहेत, याचा विचार क्वचितच झाला. संरक्षण अमेरिकेचे, इंधन रशियाचे, बाजारपेठ आणि सुटे भाग चीनचे, आणि कार्यालयातील संगणकात चालणारी व्यवस्था पुन्हा अमेरिकेचीच. चारही खांब एकाच सुमारास हलू लागले, तेव्हा छपराखाली बसलेल्यांची धांदल उडाली.

संरक्षणाचा प्रश्न सर्वांत जुना. १९४९ मध्ये नाटो स्थापन झाली तेव्हा युरोप उद्ध्वस्त होता आणि अमेरिकेचा आधार घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. स्वतःचे संयुक्त सैन्य उभारण्याचा एक गंभीर प्रयत्न लगेचच झाला. युरोपीय संरक्षण समुदायाच्या करारावर सह्याही झाल्या; पण ज्या फ्रान्सने ती कल्पना मांडली, त्याच फ्रान्सच्या संसदेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी ती फेटाळली. जर्मन शिपायाच्या हाती पुन्हा बंदूक देण्याची फ्रेंचांना धास्ती होती. दोनच वर्षांनी सुवेझच्या प्रकरणात अमेरिकेने ब्रिटन आणि फ्रान्स या दोन जुन्या साम्राज्यांना डोळे वटारून माघारी बोलावले. या अपमानातून दोघांनी दोन वेगळे धडे घेतले. अमेरिकेपासून पुन्हा कधी दूर जायचे नाही, असे ब्रिटनने ठरवले. पुन्हा कधी तिच्यावर विसंबायचे नाही, असे फ्रान्सने ठरवले. १९६६ मध्ये जनरल द गॉल यांनी नाटोच्या संयुक्त लष्करी व्यवस्थेतून फ्रान्सला बाहेर काढले, तेव्हा उर्वरित युरोपने त्यांना हेकट आणि अहंमन्य ठरवले होते. आज तीच मंडळी द गॉल यांची भाषा बोलत आहेत, फक्त साठ वर्षे उशिरा.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. त्यानंतर युरोपने युक्रेनला पैसा आणि शस्त्रे दिली, लाखो निर्वासितांना आसरा दिला. याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु पैसा असणे आणि सामर्थ्य असणे यांतील अंतरही त्याच काळात उघडे पडले. मार्च २०२३ मध्ये युरोपीय महासंघाने युक्रेनला एका वर्षात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. सत्तावीस देशांचा, जगातील सर्वांत श्रीमंत समूहांपैकी एक असलेला संघ वर्षभरात दहा लाख गोळे जमवू शकत नाही! दारूगोळ्याचे कारखाने तीस वर्षे बंद ठेवले की, ते सुरू करायला आदेश पुरत नाही. यंत्रे लागतात, स्फोटके लागतात आणि ते काम जाणणारे कामगार लागतात.

मार्च २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने युक्रेनला होणारी शस्त्रांची मदत आणि गुप्त माहितीचा पुरवठा काही दिवस रोखून धरला. धक्का युक्रेनला होता, परंतु त्याचा हादरा बर्लिन आणि वॉर्सापर्यंत गेला. जी माहिती आज युक्रेनची थांबली, ती उद्या आपली थांबली तर? त्याआधी जानेवारीतच ट्रम्प यांनी, डेन्मार्कच्या सार्वभौमत्वाखालील ग्रीनलँड मिळवण्यासाठी बळाचा वापर करणार नाही अशी ग्वाही देण्यास नकार दिला होता. नाटोतील एका मित्राने दुसऱ्या मित्राच्या भूमीबद्दल असे बोलावे, हे अघटितच होते. यावर डेन्मार्कने काय केले? ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी १६ एफ-३५ विमाने घेण्याचे ठरवले. ही विमाने अमेरिकन आहेत. डॅनिश राजकारणी मूर्ख नाहीत. त्यांच्यासमोर तातडीने मिळेल असा दुसरा पर्यायच नव्हता, आणि खरे दुखणे तेच आहे.

पर्याय का नाही, याचे उत्तर युरोपच्या घरातच आहे. अमेरिकन सेना एका प्रकारचा मुख्य रणगाडा वापरते, युरोपात असे बारा प्रकार आहेत. प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, दुरुस्ती वेगळी, प्रशिक्षण वेगळे. २०२२ च्या मध्यापासून २०२३ च्या मध्यापर्यंत युरोपीय देशांनी शस्त्रखरेदीवर जो खर्च केला, त्यातला ७८ टक्के पैसा युरोपीय महासंघाबाहेर गेला आणि ६३ टक्के एकट्या अमेरिकेकडे. फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून नव्या पिढीचे लढाऊ विमान बांधण्याची घोषणा २०१७ साली झाली. नंतर स्पेनही त्यात आला. २०२५ संपेपर्यंत दासो आणि एअरबस या दोन कंपन्यांमध्ये काम कोणी किती करायचे, हाच वाद चालू होता. इकडे वचनांना मात्र तोटा नाही. मार्च २०२५ मध्ये ८०० अब्ज युरोंच्या शस्त्रसज्जतेची योजना मांडली गेली. जूनमध्ये हेग येथे नाटोच्या सदस्यांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के खर्च संरक्षण आणि तत्संबंधी कामांवर करण्याचे मान्य केले. स्पेनने तिथल्या तिथेच, आपल्याला हे जमणार नाही, असे सांगून टाकले. रशियाच्या सीमेला लागून असलेला पोलंड आधीच ४ टक्क्यांहून अधिक खर्च करत होता. संकट दाराशी असलेल्यांना आणि संकटापासून दोन हजार किलोमीटर दूर असलेल्यांना एकाच मापाने भीती वाटत नाही.

उद्योगांची कहाणी याहून अधिक करुण आहे, कारण तिच्यातील बरीच दुःखे ओढवून घेतलेली आहेत. रशियाचा वायू समुद्राखालून थेट जर्मनीत आणण्याचा नॉर्ड स्ट्रीम करार २००५ साली चॅन्सेलर श्रोडर यांच्या कारकिर्दीत झाला. पदावरून उतरताच काही आठवड्यांत हेच श्रोडर त्या प्रकल्पाच्या कंपनीत मानाच्या जागेवर बसले. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला. त्यानंतर शहाणपण यावे, तर २०१५ मध्ये दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीमचे करार झाले! पोलंड आणि बाल्टिक देश कंठशोष करत होते. त्यांच्या बोलण्यामागे सोव्हिएत टाचेखाली भरडून निघालेल्या पिढ्यांचा अनुभव होता. परंतु बर्लिनमध्ये तो जुन्या भयगंडाचा भाग मानला गेला. युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मनी आपल्या गरजेचा निम्म्याहून अधिक वायू रशियाकडून घेत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये समुद्रतळाशी स्फोट होऊन त्या वाहिन्या फुटल्या. आणि अशा टंचाईच्या काळातच, १५ एप्रिल २०२३ रोजी, जर्मनीने आपले उरलेसुरले तीन अणुवीज प्रकल्प बंद केले. धोरणाचा हट्ट धोरणाच्या हेतूहून मोठा झाला की असे होते.

स्वस्त वायू हा जर्मन रसायनउद्योगाचा प्राणवायू होता. बीएएसएफ या महाकाय कंपनीने २०२३ मध्ये लुडविग्सहाफेन येथील आपल्या मूळ ठिकाणचे अमोनियासह काही प्रकल्प बंद करण्याचे जाहीर केले. त्याच काळात चीनमध्ये झानजियांग येथे सुमारे १० अब्ज युरो खर्चून तिचा नवा संकुल उभा राहत होता. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत जर्मनीतील ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे ठरवले. विजेवरील मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी युरोपने ज्या स्वीडिश नॉर्थव्होल्ट कंपनीवर आशा ठेवली होती, तिने मार्च २०२५ मध्ये दिवाळे काढले. चिनी मोटारींवर ऑक्टोबर २०२४ मध्ये ३५ टक्क्यांपर्यंत जादा आयातशुल्क बसवण्यात आले खरे. पण त्या मोटारींना विरोध करताना जर्मन कंपन्याच पुढे नव्हत्या. चीनची बाजारपेठ हातची जाईल, हे भय त्यांना अधिक होते.

युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष आणि इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये या साऱ्याचा लेखाजोखा मांडला. त्यांचा अहवाल सुमारे चारशे पानांचा आहे आणि त्यात लपवाछपवी नाही. अमेरिकेच्या तुलनेत युरोपीय उद्योगांना वीज दोन ते तीन पट आणि वायू चार ते पाच पट महाग पडतो. जगातील पहिल्या ५० तंत्रज्ञान कंपन्यांत युरोपच्या केवळ ४ आहेत. गेल्या पन्नास वर्षांत शून्यातून उभी राहून शंभर अब्ज युरोंच्या मोलाला पोहोचलेली एकही कंपनी युरोपीय महासंघात निर्माण झाली नाही. ही दरी बुजवायची तर दरवर्षी ७५० ते ८०० अब्ज युरोंची जादा गुंतवणूक हवी. हे प्रमाण महायुद्धानंतरच्या मार्शल योजनेच्या दुपटीहून अधिक आहे. आश्चर्य असे की, पैसा युरोपात आहे. तेथील कुटुंबे अमेरिकनांपेक्षा अधिक बचत करतात. परंतु सत्तावीस भांडवली बाजार, सत्तावीस दिवाळखोरी कायदे आणि सत्तावीस करव्यवस्था यांच्यात अडकून ती बचत अखेरीस अमेरिकेच्या शेअरबाजारात जाऊन बसते आणि तिथल्या कंपन्यांना मोठे करते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार युरोपीय देशांनी आपसांतच ठेवलेले अडसर हे वस्तूंवर सुमारे ४४ टक्के आणि सेवांवर ११० टक्के जकात बसवल्यासारखे आहेत. ट्रम्प यांनी जुलै २०२५ मध्ये १५ टक्के आयातशुल्क पदरात घातले म्हणून ब्रुसेल्समध्ये शोककळा पसरली. घरच्या ४४ टक्क्यांबद्दल मात्र कोणी सुतक पाळले नाही.

आता चौथा खांब. युरोपातील क्लाऊड सेवेचा, म्हणजे दूरच्या संगणकांवर माहिती साठवण्याच्या आणि चालवण्याच्या व्यवसायाचा, सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा तीन अमेरिकन कंपन्यांकडे आहे. सर्वांत मोठ्या युरोपीय कंपनीचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास. रुग्णालयांच्या नोंदी, नगरपालिकांची दप्तरे, मंत्रालयांचा पत्रव्यवहार, सारे त्यावर. संगणक भले आयर्लंडमध्ये किंवा फ्रँकफर्टमध्ये असोत. २०१८ च्या अमेरिकन कायद्यानुसार अमेरिकन कंपनीकडे असलेली माहिती, ती जगात कोठेही साठवलेली असली तरी, तेथील यंत्रणा मागू शकते. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या समितीपुढे मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधील विधी अधिकाऱ्याला शपथेवर विचारण्यात आले की, फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारच्या संमतीवाचून अमेरिकेला दिली जाणार नाही, अशी हमी देता काय? अशी हमी देता येत नाही, असे उत्तर आले. उत्तर प्रामाणिक होते. प्रश्न वीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.

त्याआधीच्या महिन्यात हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यांची ई-पत्रसेवा अमेरिकन निर्बंधांनंतर बंद झाल्याचे वृत्त आले. न्यायालयाची सेवा आपण थांबवली नसल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. तपशिलाचा वाद काहीही असो, युरोपच्या भूमीवरील एका न्यायसंस्थेचे टपाल दुसऱ्या खंडातील आदेशाने अडू शकते, ही जाणीव पुरेशी होती. त्या न्यायालयाने पुढे जर्मनीत तयार झालेली कार्यालयीन प्रणाली स्वीकारण्याचा निर्णय घेतला. जर्मनीच्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने तर त्याही आधीपासून आपल्या सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांना मुक्त प्रणालीकडे वळवण्याचे काम हाती घेतले आहे. हे काम संथ, कंटाळवाणे आणि तक्रारींनी भरलेले असते; जुन्या फायली नीट उघडत नाहीत, कर्मचारी वैतागतात. पण युरोपातील साऱ्या घोषणांपेक्षा या एका प्रांताच्या चिकाटीला अधिक मोल आहे. कारण घोषणांचा अनुभव चांगला नाही. २०१९ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांनी गाया-एक्स नावाची युरोपीय क्लाऊड योजना गाजावाजा करून मांडली आणि पुढे तिच्या सदस्यांत त्याच अमेरिकन कंपन्यांना जागा दिली. २०३० पर्यंत जगातील २० टक्के चिप युरोपात बनवण्याचे ध्येय ठरले. एप्रिल २०२५ मध्ये महासंघाच्याच लेखापरीक्षकांनी ते गाठले जाण्याची शक्यता नसल्याचे सांगितले. जुलैमध्ये इंटेलने माग्डेबुर्ग येथील ३० अब्ज युरोंचा नियोजित कारखाना रद्द केला.

नियम करण्यात मात्र ब्रुसेल्सचा हात कोणी धरू शकत नाही. २०१८ पासून लागू झालेला खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २०२४ मध्ये अमलात आलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा, या दोन्हींमागील हेतू योग्य आहेत. नागरिकाची माहिती ही बाजारात मांडण्याची वस्तू नाही, हे ठणकावून सांगण्याचे धैर्य युरोपने दाखवले. परंतु कायदा दुसऱ्याच्या घोड्याला लगाम घालतो, तो स्वतःच्या पागेत घोडा जन्माला घालत नाही. नियम पाळण्याचा खर्च बड्या अमेरिकन कंपनीला सहज झेपतो; लिस्बन किंवा लुब्लिन येथील दहा तरुणांच्या उद्योगाचा त्याखाली कणा मोडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द युरोपीय आयोगानेच या नियमांची कात्री मागवली, यावरून ही गोष्ट तेथेही उमगली असे दिसते.

या साऱ्याच्या मुळाशी एक यक्षप्रश्न आहे आणि तो पैशाचा नाही. बाजारासाठी युरोपातील राष्ट्रे एकेकटी लहान पडतात, हे खरे. १९७० मध्ये एकत्र येऊन त्यांनी एअरबस उभी केली आणि बोइंगला मागे टाकले; नेदरलँडच्या एएसएमएल कंपनीसारखी अतिसूक्ष्म चिप छापणारी यंत्रे जगात दुसरे कोणीही बनवत नाही. सामर्थ्य आहेच. परंतु बाजार एक झाला म्हणून मन एक झाले, असे नाही. २००५ मध्ये युरोपीय राज्यघटनेचा प्रस्ताव फ्रान्स आणि नेदरलँड यांच्या मतदारांनी फेटाळला, तेव्हा तज्ज्ञांनी मतदारांना अडाणी ठरवले आणि त्यातील बहुतेक तरतुदी लिस्बन कराराच्या मागल्या दाराने आणल्या. परराष्ट्र धोरणात आजही एका देशाचा नकार सव्वीस देशांना थांबवू शकतो. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपात गोठवलेल्या रशियन मालमत्तेचा उपयोग युक्रेनसाठी करण्यावर एकमत झाले नाही. शेवटी ९० अब्ज युरोंच्या कर्जावर तडजोड झाली आणि त्यातूनही तीन देशांनी अंग काढून घेतले. लिथुआनियात जर्मनीने सुमारे पाच हजार सैनिकांचे कायम दल ठेवण्यास प्रारंभ केला आहे. महायुद्धानंतर प्रथमच असे घडत आहे, आणि लिथुआनियाच्या लोकांनी त्याचे स्वागत केले. पण हे सैनिक जर्मन ध्वजाखाली, जर्मन संसदेच्या संमतीने तिथे गेले आहेत. संकटसमयी आदेश कोणाचा आणि निष्ठा कोणाशी, याचे उत्तर युरोपच्या जनतेने अजून तरी आपापल्या राष्ट्राच्या नावानेच दिले आहे. ते नाकारून उभारलेली कोणतीही योजना १९५४ सारखीच कोसळेल.

भारताने या घडामोडींकडे दुरून मौज पाहिल्यासारखे पाहून चालणार नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या, मध्ये अनेक वर्षे थंडावलेल्या भारत-युरोप मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत झाली. एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच पुरवठादारावर विसंबण्याचे परिणाम भोगल्यामुळेच युरोपला भारताची निकड इतकी भासली. चाकणच्या परिसरात जर्मन मोटारउद्योगावर पोट असलेल्या हजारो कुटुंबांनाही व्होल्फ्सबुर्गचे दुखणे परके नाही. मात्र त्याच महिन्याच्या १ तारखेपासून युरोपचा कार्बन कर पूर्ण रूपाने लागू झाला आहे आणि त्याचा भार भारतीय पोलाद, ॲल्युमिनियमवर पडतो. मैत्रीचा हात आणि कराची पावती एकाच टपालाने आली, एवढे लक्षात ठेवून हिशेब मांडावा लागेल.

आणि एक प्रकरण तर युरोपनेही स्मरणात ठेवावे असे आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय महासंघाने रशियावरील निर्बंधांच्या अठराव्या यादीत गुजरातमधील वाडिनारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला गोवले. रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा असलेल्या नायरा एनर्जी या मुंबईस्थित कंपनीचा हा प्रकल्प; देशाच्या शुद्धीकरण क्षमतेतील त्याचा वाटा सुमारे ८ टक्के. त्या वेळी युरोपच्या बंदरांत रशियाचा द्रवरूप वायू उतरतच होता, हा भाग वेगळा. २२ जुलैला मायक्रोसॉफ्टने नायराची सेवा बंद केली. भारताच्या कायद्याने कंपनीवर कोणतेही निर्बंध नव्हते, अमेरिकेच्या कायद्यानेही नव्हते. तरी कर्मचाऱ्यांना आपलीच पत्रे उघडता येईनात. कंपनीने पत्रव्यवहारासाठी मुंबईच्याच रेडिफकडे धाव घेतली आणि दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. हेगमधील अभियोक्त्यांच्या टपालपेटीबद्दल ज्या युरोपने दोन महिन्यांपूर्वी संताप व्यक्त केला होता, त्याच्याच निर्बंधांच्या आधारे भारतातील कंपनीची टपालपेटी बंद झाली, आणि त्यावर तेथे अवाक्षरही निघाले नाही. ३० जुलैला सेवा पूर्ववत झाली आणि याचिका मागे घेण्यात आली. त्यामुळे भारतात नोंदलेल्या, भारतात पैसे मोजून सेवा घेणाऱ्या कंपनीची ती सेवा परदेशी निर्बंधांच्या आधारे तोडता येते काय, या मुद्द्यावर भारतीय न्यायालयाचा निकाल त्या प्रकरणात लागलाच नाही.